कूमनला शिव्या घालणाऱ्या माझ्या बार्सावाल्या मित्रांना

प्रिय बार्सावाल्यांनो,

पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, पणजी आणि जिथं जिथं तुम्ही रात्री साडेबारा-दीडच्या मॅचसाठी डोळे ताणून बसता, तिथल्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र.

बार्सिलोनाची मॅच हरली की आपल्या ग्रुपवर दोन गोष्टी ठरलेल्या. आधी रेफरीचा उद्धार होतो, आणि मग कुणीतरी 'आतापर्यंतचा सगळ्यात वाईट कोच कोण' असा पोल टाकतो. त्या पोलमध्ये रोनाल्ड कूमनचं नाव असतंच, आणि बहुतेक वेळा तेच जिंकतं. खाली ओळीनं शेरे पडतात. याच्यामुळे मेस्सी गेला, यानं सुआरेझला हाकललं, याला फुटबॉल कळत नाही. लिहिणारे बरेचसे जण विशी-पंचविशीतले आहेत. त्यांनी कूमनला पाहिलं ते फक्त २०२० च्या ऑगस्टपासून २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत, जेमतेम चौदा महिने. तेवढ्यावर त्यांनी माणूस निकालात काढला.

मला हे मान्य नाही. 'आवडनिवड ज्याची त्याची' म्हणून सोडून द्यावं असंही हे प्रकरण नाही, कारण आपण ज्या क्लबवर जीव टाकतो त्या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा गोल याच माणसाच्या पायातून आलेला आहे. तिथून सुरुवात करू.

२० मे १९९२. लंडनचं जुनं वेम्बली. युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर इटलीची साम्पदोरिया. त्यांचे व्हियाली आणि मान्चिनी ऐन भरात होते. त्या दिवसापर्यंत बार्सिलोनाकडे हा कप नव्हता. रेआल माद्रिदकडे तेव्हा सहा होते. बार्सिलोना १९६१ मध्ये अंतिम सामना हरली होती. १९८६ मध्ये तर सेव्हियात, आपल्याच देशात, स्टेआउआ बुखारेस्टविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये एकही पेनल्टी जाळ्यात गेली नव्हती. क्लबच्या मानगुटीवर ते भूत बसलेलं होतं. वेम्बलीवर नव्वद मिनिटं गोल नाही. व्हियालीनं हातातल्या संधी घालवल्या, स्टोइचकोव्हचा फटका खांबाला लागला. अतिरिक्त वेळही संपत आली, आणि पुन्हा पेनल्ट्यांवर जायचं म्हटल्यावर बार्सिलोनाकडच्या कातालान माणसाच्या पोटात गोळा आलेला.

तेवढ्यात पेनल्टी बॉक्सच्या बाहेर फ्री किक मिळाली. केशरी जर्सीतल्या बार्सिलोनाकडून स्टोइचकोव्हनं चेंडू हलकेच सरकवला, बाकेरोनं तो पायाखाली थांबवला, आणि मागून धावत आलेल्या कूमननं उजव्या पायानं हाणला. साम्पदोरियाचे खेळाडू भिंत सोडून अंगावर धावून येत होते. चेंडू त्यांच्यामधून गेला, त्यांचा गोलकीपर पाग्लियुकानं झेप घेतली, पण हात पोचण्याआधी जाळं हललेलं होतं. तुमच्याकडे फुटेज असेल तर कूमनवरून नजर काढून बाकावर न्या. आपला तेव्हाचा कोच योहान क्रायफ, एवढा रुबाबदार माणूस, जाहिरातीचा फळा ओलांडून मैदानाकडे यायच्या नादात अडखळतो, पाय कसाबसा पलीकडे टाकतो. क्रायफचा तोल जाताना सहसा कुणी पाहिला नव्हता.

तो गोल झाला म्हणून बार्सिलोना युरोपचा विजेता झाली. मेस्सीचे, इनिएस्ताचे, झावीचे कप नंतरचे. त्या सगळ्या रांगेतला पहिला कप या बचावपटूनं आणून दिलेला आहे.

बचावपटू हे मुद्दाम लिहितो आहे, कारण त्याच्या खेळातली खरी नवलाई तीच होती. झांडाममध्ये १९६३ साली जन्म, वडील मार्टिन कूमन व्यावसायिक फुटबॉलपटू, मोठा भाऊ एर्विनही तोच मार्ग धरलेला. सतराव्या वर्षी ग्रोनिंगनकडून खेळायला लागला. तिथून अयाक्स, मग पीएसव्ही आइंडहोव्हन, मग बार्सिलोना, शेवटी फेयेनोर्ड. क्लब आणि देश मिळून ७६३ सामने आणि २५३ गोल. सेंटर बॅकचे अडीचशे गोल! १९९३-९४ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो संयुक्तपणे पहिला होता, आठ गोल करून. हे आजच्या काळात कुठल्या बचावपटूनं केलं तर आपण त्याची गाणी गाऊ.

पण गोल मोजून कूमन कळत नाही. तो वेगानं फारसा धावायचा नाही. अंगानं थोडा जड, केस पांढरट सोनेरी, चेहरा कोवळा, त्यामुळे बार्सिलोनात लोक त्याला कॉमिकमधल्या हिरोवरून टिनटिन म्हणायचे. वेग नसलेला माणूस शेवटच्या फळीत कसा टिकतो? चेंडू कुठे येणार आहे ते आधी ओळखून. आणि चेंडू पायात आला की मग खरा खेळ सुरू व्हायचा. तोपर्यंत बहुतेक संघांत बचावपटूचं काम म्हणजे चेंडू उडवून धोका टाळणं. कूमन तिथून खेळ मांडायचा. मान वर, एक पाऊल पुढे, आणि चाळीस-पन्नास मीटरचा पास विंगरच्या छातीवर. क्रायफनं त्याला १९८९ मध्ये आणलं ते याचसाठी. आज तुम्ही सेंटर बॅकनं चेंडू बाहेर काढताना पाहून 'काय पास आहे' म्हणता, तो सगळा संसार ज्या मोजक्या माणसांनी मांडला त्यांत हा एक. त्या काळी त्याच्यासोबत प्रवासात खोलीत राहणारा एक सडपातळ पोरगा होता, पुढे मोठा कोच झालेला पेप ग्वार्डिओला. त्यानं शेजारी झोपून काय काय उचललं असेल याचा विचार करा.

क्रायफच्या त्या संघानं १९९१ ते १९९४ सलग चार लीग जिंकल्या. त्यातल्या शेवटच्या तीन तर हंगामाच्या शेवटच्या दिवशी ठरल्या. जानेवारी १९९४ मध्ये रेआल माद्रिदला ५-० हरवलं त्या रात्रीचे रोमारियोचे तीन गोल सगळ्यांना पाठ आहेत. त्याच सामन्यात कूमननं फ्री किकवर मारलेला गोल मात्र आपले लोक विसरतात. आणि त्याच वर्षी अथेन्सला मिलाननं अंतिम सामन्यात ४-० असं धुतलं, तेव्हाही हाच मागे उभा होता. तीही बाजू आहे, ती मी लपवत नाही.

त्याच्या आधीचं १९८८ हे वर्ष तर एखाद्याच्याच नशिबी येतं. पीएसव्हीनं गूस हिडिंकच्या हाताखाली लीग, कप आणि युरोपियन कप असे तिन्ही जिंकले. गंमत म्हणजे उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंतचे पाचही सामने बरोबरीत सुटले होते. बाहेरच्या मैदानावरच्या गोलांच्या नियमानं बोर्दो आणि माद्रिदला मागे टाकलं आणि श्टुटगार्टला बेनफिकाला पेनल्ट्यांवर. पीएसव्हीची पहिली पेनल्टी कूमनची. महिन्याभरात तो हॉलंडकडून युरो खेळत होता, मध्यभागी रायकार्डच्या जोडीला. हँबुर्गला उपांत्य फेरीत पश्चिम जर्मनी आधी पुढे गेली, मग कूमननं पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि शेवटच्या मिनिटांत व्हान बास्टननं सामना खेचून आणला. चार दिवसांनी म्युनिकमध्ये हॉलंड युरोप जिंकलं. देशाचा तो पहिला मोठा चषक.

त्या हँबुर्गच्या रात्री त्यानं एक वाईट गोष्टही केली. जर्मन खेळाडू ओलाफ थोनची अदलाबदलीत मिळालेली जर्सी घेऊन प्रेक्षकांसमोर ढुंगण पुसल्यासारखा हावभाव. ते वागणं चुकीचंच होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी डच लोकांच्या मनात किती ताज्या होत्या हे ठाऊक असूनही मी ते योग्य म्हणणार नाही. कूमन साधू आहे, असं मला कुणाला पटवायचंच नाही. तो फटकळ आहे, कधी कधी समोरच्याला लागेल असं वागतो. माझं म्हणणं एवढंच की माणूस तोलायचा तर पूर्ण तोला.

कोच म्हणून त्याचा प्रवास लांबलचक आहे. बार्सिलोनातच लुई व्हान गालचा सहायक म्हणून शिकला, मग फिटेसे, अयाक्स, बेनफिका, पीएसव्ही, व्हॅलेन्सिया, एझेड, फेयेनोर्ड, साउदॅम्प्टन, एव्हर्टन. हॉलंडच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून, म्हणजे अयाक्स, पीएसव्ही आणि फेयेनोर्डकडून, खेळलेला आणि पुढे तिघांचाही कोच झालेला तो एकटाच. अयाक्सला त्यानं दोनदा लीग जिंकून दिली. त्याच्या त्या संघात इब्राहिमोविच, स्नायडर, व्हान डर व्हार्ट पोरसवदा वयात होते. पीएसव्हीसोबत २००७ मध्ये शेवटच्या दिवशी गोलफरकावर लीग जिंकली. बेनफिकासोबत मँचेस्टर युनायटेडला गटातच बाहेर काढलं आणि गतविजेत्या लिव्हरपूलला घरी पाठवलं.

व्हॅलेन्सियात मात्र बिघडलं. कानियिझारेस आणि अल्बेल्डा यांच्यासारख्या जुन्या, लोकांच्या लाडक्या खेळाडूंना त्यानं बाजूला सारलं. ड्रेसिंग रूम फुटली, संघ लीगमध्ये खाली घसरला. २००८ च्या एप्रिलमध्ये त्यानं कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप, जिंकून दिला आणि काही दिवसांतच त्याला काढलं गेलं. एव्हर्टनमध्येही दुसऱ्या वर्षी संघ तळाच्या तिघांत गेल्यावर घरी पाठवलं. हे दोन डाग खरे आहेत.

पण साउदॅम्प्टनकडे जरा थांबून बघा, कारण पुढे बार्सिलोनात जे झालं त्याची रंगीत तालीम तिथंच होती. २०१४ च्या उन्हाळ्यात तो रुजू झाला, आणि त्याच उन्हाळ्यात क्लबनं लल्लाना, लँबर्ट, लव्हरेन, ल्यूक शॉ, चेंबर्स असे पाच महत्त्वाचे खेळाडू विकून टाकले. कूमननं रिकाम्या सरावमैदानाचा फोटो टाकला, सरावाला तयार आहोत असं म्हणून. सगळ्यांनी संघ खाली जाणार असं धरलं. तो सातवा आला. पुढच्या वर्षी सहावा. मधल्या काळात सादियो माने, तादिच, पेल्ले आले, आणि सेल्टिकमधून व्हर्जिल व्हान डाइक आला. त्याआधी फेयेनोर्डमध्येही असंच. पीएसव्हीकडून १०-० असा लाजिरवाणा पराभव सोसलेल्या आणि दहाव्या क्रमांकावर फेकलेल्या संघाला त्यानं पहिल्याच वर्षी दुसरं आणलं, तेही क्लासी, डे फ्राय, मार्टिन्स इंडी अशा घरच्याच पोरांना घेऊन. पडझड झालेल्या जागी जाऊन, हाती आहे त्यावर निभावून नेणं हे त्याचं खरं कसब.

आता तुमच्या रागाच्या जागी येतो.

१४ ऑगस्ट २०२०. लिस्बनमध्ये बायर्नकडून २-८. रात्र आठवत असेल. कोच सेतियेन गेले, आणि त्या मॅचनंतर पाच दिवसांनी कूमन आला. तो रिकामा बसलेला नव्हता. २०१६ चा युरो आणि २०१८ चा वर्ल्ड कप चुकलेल्या हॉलंडला त्यानं पुन्हा उभं केलेलं होतं, ॲमस्टरडॅमला जर्मनीला ३-० हरवून, फ्रान्सला नमवून, नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेऊन. पुढच्या उन्हाळ्यात युरो होता आणि व्हान डाइक, डी याँग, डी लिख्त असलेला तो संघ त्यानंच घडवला होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्याला हृदयाच्या त्रासानं दवाखान्यात न्यावं लागलं होतं. एवढं सगळं हातात आणि अंगावर असताना तो देशाचं पद सोडून आला. का? बार्सिलोनानं बोलावलं म्हणून. जळतं घर आहे हे त्याला दिसत होतं, तरीही आला.

घर किती जळत होतं ते नंतर आपल्याला कळलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष लापोर्तांनी आकडे मांडले. १३५ कोटी युरोचं कर्ज, आणि पगारांवरचा खर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के. म्हणजे क्लब कमावत होता त्यापेक्षा जास्त नुसता पगारात जात होता. हे कूमननं केलं? ही आधीचे अध्यक्ष बार्तोमेउंच्या काळातली कमाई. कूमनला व्हायनाल्डम हवा होता, डीपाय हवा होता. पहिल्या वर्षी दोघांपैकी कुणीही मिळालं नाही. सुआरेझ गेला, त्याच्या जागी नऊ नंबरला, म्हणजे मुख्य स्ट्रायकर म्हणून, कुणीच आलं नाही.

सुआरेझला जायला सांगणारा फोन कूमननं केला. थोडक्यात, कोरडेपणानं केला. आणि सुआरेझ अटलेटिकोत जाऊन लीग जिंकला. हे दुखणं मला समजतं, मलाही ते दुखलं. पण त्याला काढायचा निर्णय क्लबचा होता, पगार कमी करायची घाई क्लबला होती. निरोप द्यायचं काम मात्र नव्या माणसाच्या माथी मारलं गेलं. मेस्सीनं बुरोफॅक्स, म्हणजे क्लब सोडायची कायदेशीर नोटीस, पाठवला तो २५ ऑगस्टला, कूमन येऊन आठवडाही झाला नव्हता. आठवड्यात कुणी मेस्सीचं मन विटवू शकतं असं तुम्हाला खरंच वाटतं? वर्षानुवर्षं साठलेलं होतं ते.

आणि मेस्सी त्या वर्षी थांबला, तेव्हा कूमनच्या संघात त्यानं लीगमध्ये ३० गोल केले. डिसेंबरच्या सुरुवातीला कादिसकडून हरल्यानंतर एप्रिलमधल्या क्लासिकोपर्यंत, म्हणजे रेआल माद्रिदविरुद्धच्या सामन्यापर्यंत, बार्सिलोना लीगमध्ये एकही सामना हरली नाही. त्यानं तीन बचावपटूंची रचना आणली, फ्रेंकी डी याँगला मोकळं सोडलं. कप स्पर्धेत ग्रनाडाविरुद्ध ८८ व्या मिनिटापर्यंत ०-२ अशा पिछाडीवर होतो, अतिरिक्त वेळेत ५-३ जिंकलो. सेव्हियाविरुद्ध पहिली लढत ०-२ हरून घरी आलो, आणि दुसऱ्या लढतीत पिकेनं अगदी शेवटच्या क्षणी हेडर मारून सामना वाढवला, मग ३-० असा जिंकला. त्या रात्री ग्रुपवर तुम्हीच नाचत होता. १७ एप्रिल २०२१ ला अथलेटिक बिल्बाओला ४-० हरवून कोपा देल रे आला. सामन्यानंतर पोरं एकेक करून मेस्सीजवळ जाऊन कपासोबत फोटो काढून घेत होती. डेस्ट, पेद्री, अराउहो, सगळे. मेस्सीनं बार्सिलोनासाठी उचललेला तो शेवटचा चषक, आणि तो कूमनच्या हाताखालचा.

लीग निसटली ती २९ एप्रिलला, घरच्या मैदानावर ग्रनाडाकडून १-२ हरल्यावर. जिंकलो असतो तर पहिल्या क्रमांकावर गेलो असतो. मेस्सीनं गोल करून दिला होता आणि आपण तो सांभाळू शकलो नाही. तिथं कूमन कमी पडला, हे मी म्हणतो. बदली खेळाडू उशिरा, बचावाची फळी सैल. संघ तिसरा आला.

पण आता त्या संघातली पोरं बघा.

पेद्री लास पाल्मासहून आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याला दुसऱ्या एखाद्या क्लबकडे उसना द्यायचा विचार चाललेला होता. कूमननं सरावात पाहिलं आणि ठेवून घेतलं. त्याच ऑक्टोबरमध्ये क्लासिकोला पहिल्या अकरात उतरवलं. हंगामाअखेर त्या पोराच्या नावावर ५२ सामने होते. तिथून तो थेट स्पेनच्या संघातून युरो खेळला आणि त्या स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. वर्षअखेर तरुण खेळाडूंसाठीचा कोपा चषकही (कोपा देल रेशी याचा संबंध नाही) त्याचाच. अराउहो बी संघातून वर आला तो कूमनच्याच वेळी, आणि त्याच्या पाठीवर आला तो ४ नंबर, जो वेम्बलीवर कूमनच्या पाठीवर होता. मिंगेसा, इलाइश, निको यांना त्यानं संधी दिली, सगळ्यांचं सोनं झालं नाही, पण दार उघडलं. २९ ऑगस्ट २०२१ ला खेताफेविरुद्ध सतरा वर्षांच्या गावीला पहिल्यांदा मैदानात पाठवलं. दीड महिन्याच्या आत गावी सान सिरोवर इटलीविरुद्ध स्पेनकडून खेळत होता. बाल्देला बायर्नविरुद्ध उतरवलं.

कूमननंतर कोच झालेल्या झावीनं २०२३ मध्ये लीग जिंकली त्या संघातून ही नावं काढून बघा काय उरतं. झावीचं श्रेय मी कमी करत नाही, पण त्याला २०२२ च्या उन्हाळ्यात टीव्हीच्या हक्कांतला पुढच्या पंचवीस वर्षांचा पाव हिस्सा विकून लेवांडोव्स्की, राफिन्हा, कुंदे आणून दिले गेले. कूमनला काय मिळालं? खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी ग्रीझमन गेला आणि बदल्यात लूक डी याँग उसना आला. तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी मेस्सी रडत निघून गेलेला. त्या अवस्थेत त्यानं खिंड लढवली, आणि लढवताना पुढच्या दहा वर्षांचा संघ पेरून ठेवला.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. त्या सप्टेंबरमध्ये ग्रनाडाविरुद्ध ५४ क्रॉस मारले, पिकेला पुढे उभं केलं, हा काय बार्सिलोनाचा खेळ? नाही. तो बघवत नव्हता. बायर्न आणि बेनफिकानं प्रत्येकी तीन गोल घातले, तेही आपल्याला एकही गोल न करू देता. संघ दिशाहीन झाला होता आणि तो दोष कोचचाच. पण त्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला, पत्रकारांसमोर त्यानं एक कागद वाचून दाखवला आणि एकही प्रश्न न घेता उठून गेला. त्या उठून जाण्याचीच चर्चा झाली. कागदात काय होतं? क्लब आर्थिक अडचणीत आहे, पुनर्बांधणीला वेळ लागेल, या तरुण पोरांतून काही वर्षांत झावी-इनिएस्तासारखे खेळाडू घडू शकतात, तेव्हा धीर धरा. आता पेद्रीकडे बघून सांगा, यातलं खोटं काय होतं. ही सगळी गोष्ट अध्यक्षांनी उघडपणे चाहत्यांना सांगायला हवी होती. ती सांगायला कोच एकटा पडला.

आणि मग २४ ऑक्टोबर. क्लासिको १-२ हरल्यावर कूमन आपल्या घरच्या मैदानातून, काम्प नोउमधून, गाडीनं बाहेर पडत होता. गर्दीनं गाडी अडवली. लोक बॉनेटवर, काचांवर हातांनी बडवत होते, तोंडाला येईल ते ओरडत होते, गाडी इंच-इंच पुढे सरकत होती. आत स्टिअरिंगवर तोच वेम्बलीवाला. क्लबनं निषेधाचं पत्रक काढलं. तीन दिवसांनी रायो व्हायेकानोकडून ०-१ हरल्यावर त्याच रात्री त्याला काढून टाकलं.

त्या गाडीचा व्हिडिओ आपल्या ग्रुपवर हसण्याच्या इमोजींसकट फिरला. अजूनही फिरतो. कूमन चुकला असेल, त्याला काढणं योग्यही असेल, मोठ्या क्लबांत कोच बदलतातच. पण ज्याच्या गोलमुळे आपल्याला 'युरोपचे विजेते' म्हणवून घेता आलं, त्याच्या गाडीवर थाप मारणाऱ्यांचं आपण कौतुक करतो, याची मला मनापासून लाज वाटते. कोल्हापुरात तालमींचं फुटबॉल बघणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. तिथं मैदानावर टोकाची ईर्ष्या असते, पण तालमीचं नाव मोठं केलेला जुना खेळाडू कट्ट्यावर आला की त्याला जागा करून दिली जाते.

कूमन नंतर घरी बसला नाही. जानेवारी २०२३ मध्ये तो पुन्हा हॉलंडचा कोच झाला. युरो २०२४ मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. डॉर्टमुंडला इंग्लंडविरुद्ध झावी सिमन्सनं सुरुवातीलाच गोल केला, मग व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ पाहून, दिलेली, आजही वादात असलेली पेनल्टी केननं मारली आणि अगदी शेवटी वॉटकिन्सनं सामना संपवला. पुढे त्यानं संघाला २०२६ च्या वर्ल्ड कपलाही पात्र केलं. बार्सिलोनाबद्दल बोलताना त्याच्या मुलाखतींत कडवटपणा येतो, विशेषतः लापोर्तांबद्दल. मला तो समजतो. ज्या अध्यक्षानं त्याला आणलंच नव्हतं, त्यानं २०२१ च्या उन्हाळ्यात उघडपणे दुसरा कोच शोधला, सापडला नाही म्हणून त्यालाच ठेवलं. अशा ठिकाणी रोज सकाळी सरावाला जायचं आणि पोरांना शिकवायचं, हे सोपं काम नाही.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं आहे. ज्यांनी १९९२ चा अंतिम सामना पूर्ण पाहिलेला नाही त्यांनी तो पाहावा. फक्त फ्री किकचा तुकडा नको, संपूर्ण एकशेवीस मिनिटं, आणि नजर मागच्या चार नंबरवर ठेवावी. तो किती वेळा धावतो आणि किती वेळा धावायची वेळच येऊ देत नाही, ते मोजावं. ज्या सीनियर मंडळींना तो काळ आठवतो त्यांनी नव्या पोरांना सांगावं, गप्प बसू नये. आपल्यातला शहाणपणा नव्या लोकांपर्यंत पोचवायचं काम आपण सोडून दिलं आणि मग ग्रुपवर फक्त मीम उरले. २०२१ मधली रचना, बदली खेळाडू, क्रॉस यांवर टीका खुशाल करा, मीही करेन. पण गाडीचा तो व्हिडिओ कुणी टाकला तर ॲडमिननं तो काढावा. आणि पुढच्या वेळी कुणी 'सगळ्यात वाईट कोच'चा पोल टाकला, तर आधी पर्यायांमधून कूमनचं नाव काढायला सांगा, मग मत द्या.

तुमच्यातलाच,
पुण्याचा एक बार्सावाला